खेळ जपायचा म्हणजे काय जपायचे?



कामगार चळवळीतल्या माणसाने व्हिडिओ गेमवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या वस्तूत माणसाची मेहनत आहे, ती आमच्या विषयाबाहेरची नव्हे.

आपल्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर लिहिलेला ग्रंथ तो. दासोपंत १६१५ साली गेले; कापड टिकले, आणि जुने अक्षर लावता येणारा माणूस आजही ते वाचू शकतो. खेळाच्या तबकडीचे तसे नाही. नुसत्या डोळ्यांना ती मुकी आहे. तिला बोलते करायला तिचेच यंत्र लागते. दुसऱ्या कंपनीचे चालत नाही.

२००९ साली ‘देसी अड्डा’ नावाचा खेळ निघाला. विटीदांडू, कबड्डी, पतंग हे आपल्या मातीतले खेळ त्यात होते. हैदराबादच्या गेमशास्त्र कंपनीतल्या लोकांनी तो सोनीच्या प्लेस्टेशन-टू या यंत्रासाठी घडविला. १९५६ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे ही आपली जुनी शेजारीण मंडळी. पुढे २०१३ च्या आरंभी सोनीने प्लेस्टेशन-टूचे उत्पादन थांबविल्याचे जाहीर केले. यंत्र गेले, त्यामागून त्याचे खेळही दुकानांतून उठले. कोणी बंदी घातली नाही. बाजाराला गरज उरली नाही, इतकेच. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी शंभरातले ८७ बाजारात मिळत नाहीत, असे तिला आढळले.

कोणी म्हणेल, खेळच तो, गेला तर काय बिघडले? सिनेमाबद्दलही लोक असेच म्हणत. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याचे चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. शहाणपण आले, पण उशिरा आले.

बिघडते ते कामगाराचेही. अमेरिकेतली अटारी कंपनी खेळ घडविणाऱ्यांची नावे देत नसे. तेव्हा वॉरेन रॉबिनेट नावाच्या कारागिराने आपल्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली ठेवली आणि तीत स्वतःचे नाव लिहिले! एका मुलाने ते खेळता खेळता शोधून काढले. खेळ चालतो तोवरच ते नाव वाचता येते, हे ध्यानात घ्या.

मग करावे काय? पहिले, घरातले जुने यंत्र भंगारवाल्याला देऊ नका. तबकडी, तारा, हातातला रिमोट, खोका आणि माहितीची पुस्तिका एकत्र ठेवा. एक तुकडा हरवला की बाकीचे निकामी. दुसरे, हे यंत्र उघडून दुरुस्त करणारे मेकॅनिक आपल्याच बाजारपेठांत आहेत. त्यांची विद्या कुठल्या पुस्तकात नाही. ती लिहून घ्या. तिसरे, कायदा. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला छापील पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. खेळाची तबकडी त्यात बसत नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने ती बसविली. आपणही ही मागणी केली पाहिजे. मागितल्यावाचून मिळत नाही, हा आमचा आयुष्याचा अनुभव आहे.

तोवर गावोगावच्या वाचनालयांनी एक कपाट तरी मोकळे करावे. पासोडी कोणीतरी घडी घालून जपली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.