व्यसनमुक्तीचा छत्तिसावा दिवस



व्यसनमुक्तीवर बोलायला डॉक्टर सोडून कामगार संघटनेचा माणूस का बोलावला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. परंतु दारूपायी चौकशीला उभ्या राहिलेल्या कामगारांच्या शेजारी आम्ही तीस वर्षे बसत आलो आहोत. आमचा अधिकार तेवढाच.

आपल्याकडे या दुखण्यावर दोन उपाय चालतात. एक शपथेचा, दुसरा कोंडून घालण्याचा. दोहोंमागची समजूत एकच, की दारू सोडणे हा केवळ निर्धाराचा प्रश्न आहे. निर्धार हवाच. पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मेंदूने दारूशी जुळवून घेतलेले असते. ती एकाएकी तुटली की हात कापतात, झोप उडते, कुणाला आकडी येते; दोन-तीन दिवसांनी भास होऊ लागतात. यात माणूस दगावूही शकतो. म्हणून अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी लागते. आकडी टाळणारी औषधे देऊन ती दिवसागणिक कमी करतात. बी-१ जीवनसत्त्वही टोचतात, कारण त्याच्या अभावी स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते. हे काम साधारण आठवड्याभराचे.

शरीर सुटले, तरी मन सुटलेले नसते. येथे काही घरांत चोरून गोळी चारण्याचा प्रकार होतो. त्या गोळीची हकिकत ऐकण्याजोगी आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरने पाहिले, की रबरासाठी लागणारे एक रसायन हाताळणारे कामगार दारूचा घोटही सोसू शकत नाहीत. पुढे १९४८ साली कोपनहेगनच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी त्याच जातीच्या डायसल्फिरामचा उपचार जगापुढे मांडला. दारूपासून शरीरात तयार होणारे एक विषारी द्रव्य या गोळीमुळे साचून राहते. मग चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. ज्याने समजून-उमजून घेतली, त्याला ती आधार देते. ज्याला चहातून चोरून दिली, त्याच्या जिवाशी तो खेळ आहे. विश्वास तुटतो तो वेगळाच.

मनाचा उपचार बोलण्याने आणि सोबतीने होतो. पुण्याला डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, त्यामागे पु. ल. देशपांडे यांचे सहाय्य होते. तेथे पस्तीस दिवस राहावे लागते. समुपदेशन असते, दिनक्रम असतो, घरच्यांशीही बोलणे होते. कारण व्यसन एकाचे असले तरी आजारी सारे घर असते.

आणि मग छत्तिसावा दिवस उजाडतो. आमचे खरे म्हणणे या दिवसाविषयी आहे.

आमच्या भागातला एक टर्नर असाच बरा होऊन आला. तो ज्या लेथवर होता, तेथे दुसरा माणूस लावलेला. याला रात्रपाळीला गोदामात एकटे बसवले. पगाराच्या दिवशी जुने सोबती फाटकावर हजर, "एकाने काय होतंय रे?" म्हणायला. चार महिन्यांत तो पुन्हा प्यायला लागला. सगळे म्हणाले, "बघा, उपचार फुकट गेले!" मधुमेह्याची साखर वाढली तर आपण असे म्हणतो काय? औषध बदलतो, पथ्य तपासतो. पुन्हा घसरणे हे या आजाराचेच एक लक्षण आहे. त्यावर उपाय पुन्हा उपचार हाच.

कोणी विचारील, मग कामावर पिऊन येणाऱ्याला चालू द्यायचे काय? मुळीच नाही. यंत्रापाशी झिंगलेला माणूस स्वतःचा आणि शेजाऱ्याचा हात घालवतो. त्याला तत्काळ बाजूला काढा. पण बाजूला काढणे वेगळे आणि उघड्यावर टाकणे वेगळे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली प्रसिद्ध केलेली आचारसंहिता सांगते, की दारूचा व मादक पदार्थांचा प्रश्न इतर आरोग्यप्रश्नांसारखाच हाताळावा आणि कामगाराची माहिती गुप्त ठेवावी. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या व्यसनांतून येणाऱ्या मानसिक अवस्था आजारातच धरल्या आहेत, आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. उपचाराला जाणाऱ्याला रजा द्या आणि परत आल्यावर त्याचे काम त्याला द्या. पहिले वर्षभर पाठपुराव्याला जायला सवड द्या. सकाळी उठून जाण्याचे ठिकाण आणि ओळखीने हाक मारणारी चार माणसे, एवढा आधार कोणतीही गोळी देऊ शकत नाही.

हे केवळ मालकांना सांगून भागणार नाही. आपल्या गल्लीतही असा कोणी परत आला असेल. त्याला उपदेश करू नका, त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका. लग्नाकार्यात त्याच्यापुढे पेला न धरता चहाचा कप धरा. डॉक्टरांचे काम पस्तीस दिवसांचे. पुढचे आपले आहे.