हेडफोन, अ‍ॅम्प्लिफायर आणि आपला कान

आमच्या श्रीगोंदा तालुक्यात विहिरीवर मोटर बसवायची म्हटली, की शेतकरी नुसती हॉर्सपॉवर विचारून थांबत नाही. पाणी किती फूट चढवायचं, पाइप किती इंची, हेड किती, डिस्चार्ज किती, हे सगळं तो विचारतो. उथळ विहिरीची मोटर खोल बोअरला लावली तर ती फिरते, घुमते, पण पाणी काही वर येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हाच माणूस मुलासाठी हेडफोन घ्यायला गेला की मात्र खोक्यावरचं चित्र आणि किंमत पाहतो आणि पैसे मोजतो.

हेडफोन म्हणजे नुसती चैन, असं आता म्हणता येत नाही. संत शेख महंमदांच्या या गावात भजनाची परंपरा जुनी आहे, आणि आज गावोगावची मुलं पखवाज, पेटी, गाणं मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणांवरून गिरवतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक किती आणि त्यातून निघणारी 'धुम' कशी, हे त्या पोराला कानात नीट ऐकूच आलं नाही, तर तो शिकणार काय?

तर हेडफोनलाही हेड आणि डिस्चार्ज असतात. व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब आणि करंट म्हणजे पाण्याचं प्रमाण. खोक्यावर ओहममध्ये जो आकडा लिहिलेला असतो, तो इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध. साधे हेडफोन १६ किंवा ३२ ओहमचे असतात, स्टुडिओतले काही २५० किंवा ३०० ओहमचे, क्वचित ६०० चेही. एक मिलिवॅट शक्ती पोचवायला ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ०.१८ व्होल्ट पुरतात. ३०० ओहमच्या हेडफोनला सुमारे ०.५५ व्होल्ट लागतात. मोबाइलच्या जॅकमधून मिळतात जेमतेम अर्धा ते एक व्होल्ट. म्हणजे ३०० ओहमचा महागडा हेडफोन मोबाइलला लावला तर आवाज येतो, पण तबल्याची एखादी जोरकस थाप आली की मोबाइल दमतो.

पण नुसत्या ओहमवर जाऊ नका. दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा. एका मिलिवॅटला एक हेडफोन १०० डेसिबल देत असेल आणि दुसरा ९०, तर दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी दहापट शक्ती हवी. प्लॅनर जातीच्या हेडफोनांत पुष्कळदा असं होतं: ओहम कमी, पण भूक मोठी. आणि हा आकडा मिलिवॅटला दिलाय की व्होल्टला, तेही पाहावं. कंपन्या आपल्याला सोयीचं ते छापतात.

आता ज्या गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही ती सांगतो. अ‍ॅम्प्लिफायरलाही स्वतःचा इम्पिडन्स असतो, त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पुष्कळदा स्पीकरच्याच आउटपुटला मध्ये एक मोठा रेझिस्टर घालून हेडफोनचा जॅक काढलेला असे. त्याने काय होतं पाहा. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. समजा, एक हेडफोन मधल्या स्वरांना ३२ ओहमचा आहे आणि खर्जात ८० ओहमपर्यंत चढतो. अ‍ॅम्प्लिफायरचा इम्पिडन्स १२० ओहम असेल तर खर्ज साडेपाच डेसिबलने फुगतो. तोच इम्पिडन्स २ ओहम असेल तर फरक पाव-अर्ध्या डेसिबलचा, म्हणजे जाणवणारही नाही. पखवाज घुमायला लागतो, गायकाचा आवाज मागे जातो, आणि आपण दोष देतो हेडफोनला. म्हणून जाणकार म्हणतात, अ‍ॅम्प्लिफायरचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा. ३२ ओहमला ४, ३०० ला साधारण ३७. काही व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर ३०० ओहमच्या हेडफोनवर छान वाजतात आणि ३२ ओहमवर गढूळ, त्याचं कारण बहुधा हेच. ब्लूटूथ हेडफोनला हा हिशेब लागत नाही. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच असतो.

आकड्यांचं काम इथे संपतं. जोडी जमते की नाही, एवढं ते सांगतात. जमणाऱ्या दोन-तीन जोड्यांतली तुम्हाला कुठली गोड लागेल, हे कागद सांगू शकत नाही. मिरजेला तंबोरे बनतात. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. जवारी लागली की नाही, याचा निवाडा त्याचा कानच करतो.

मात्र कानावर विश्वास ठेवायचा तर डोळ्यांना थोडा वेळ गप्प बसवावं लागतं. १९८७ साली अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने शेकड्यांतल्या किमतीपासून हजारो डॉलरपर्यंतचे अ‍ॅम्प्लिफायर पडद्याआड ठेवून शौकिनांना ऐकवले. समोर दिसताना ज्यांना मोठा फरक वाटत होता, त्यांना न दिसताना तो खात्रीने ओळखता आला नाही. आणखी एक गंमत आहे. जो आवाज किंचित मोठा, तो आपल्याला जास्त भरदार वाटतो. आवाज लहान झाला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. दुकानदाराने महागड्या जोडीचा आवाज अर्ध्या पायरीने वाढवला, की काम झालं.

घरी करता येईल अशी परीक्षा सांगतो. हेडफोन एकच ठेवा, अ‍ॅम्प्लिफायर दोन. मोबाइलवरून ५० हर्ट्झचा सलग स्वर वाजवा आणि हेडफोन जोडलेलाच ठेवून साध्या मल्टिमीटरने, एसी व्होल्टवर, दोन्हींचं आउटपुट सारखं करून घ्या. मग तुमच्या चांगल्या परिचयाचं ध्वनिमुद्रण लावा. पंडित भीमसेन जोशींचा शंभर वेळा ऐकलेला एखादा अभंग चालेल: टाळांची किणकिण वरच्या स्वरांना, पखवाज खर्जाला, आणि मधे तो आवाज. तुकडा पंधरा-वीस सेकंदांचाच घ्या, कारण कानाची आठवण फार आखूड असते. आता घरातल्या कुणाला तरी टॉवेलखाली हात घालून जोडण्या बदलायला सांगा आणि कुठला अ‍ॅम्प्लिफायर ते तुम्ही ओळखा. दहा वेळा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे शेकडा एक. तुमची नऊ बरोबर आली तर फरक खरा आहे, मग कुणी काही म्हणो. पाच-सहा आली तर स्वस्तातला घ्या आणि उरलेल्या पैशांत मुलाला पखवाजाला शाई भरून द्या.

न जमणाऱ्या जोडीचा खरा धोका वेगळाच आहे. आवाज पोकळ लागला की माणूस तो वाढवत नेतो. एस.टी.च्या खडखडाटात तर वाढवतोच वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालेल, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तो अ‍ॅम्प्लिफायरचा दोष समजू नका. तुमचा कान तक्रार करतोय.

आणि वय झालं की वरचे स्वर कमी ऐकू येतात. मुलाला टाळ टोचतात, बापाला ते मधुर लागतात, आणि दोघंही खरंच बोलत असतात. तेव्हा वडिलांसाठी हेडफोन घ्यायचा असेल तर आपल्या पसंतीने घेऊन येऊ नका. वडिलांनाच दुकानात न्या, सोबत त्यांचा मोबाइल आणि त्यांचा अभंग.