रक्तातील वारसा आणि लोहाचा तोल

(आरोग्य कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



फिकट चेहरा, धाप आणि थकवा दिसला की ‘रक्त कमी आहे’ असे आपण म्हणतो. परंतु ते का कमी झाले, याचा शोध न घेता केलेला उपचार निष्फळ, आणि प्रसंगी अपायकारकही ठरतो. हा ‘का’ आयुष्यभर विचारणारे संशोधक म्हणजे अमेरिकेतील डॉ. अर्नेस्ट बॉयटलर. आपल्या गावच्या आरोग्यकार्याशी त्यांच्या संशोधनाचा निकटचा संबंध आहे.

बॉयटलर यांचा जन्म १९२८ साली बर्लिन येथे एका ज्यू डॉक्टर दांपत्याच्या पोटी झाला. नाझी राजवटीमुळे १९३५ साली हे कुटुंब अमेरिकेस गेले. शिकागो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते हिवतापावरील औषधांच्या संशोधनात सामील झाले. प्रिमाक्वीन हे औषध बहुतेकांना सोसत असे. काहींच्या मात्र तांबड्या पेशी फुटत, लघवी काळसर होई आणि रक्त झपाट्याने घटे. हे प्रयोग इलिनॉय राज्यातील तुरुंगात कैद्यांवर चालत. ही रीत आज नीतिसंमत मानली जात नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दोष औषधाचा की रक्ताचा? अशा व्यक्तीच्या पेशी निरोगी माणसाच्या शरीरात सोडून मग औषध दिले असता त्या परक्या पेशीच नाश पावल्या. म्हणजे दोष पेशीत होता. पेशींचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन हे द्रव्य या लोकांच्या रक्तात कमी असते, असे बॉयटलर यांनी दाखविले. १९५६ साली त्याच संशोधन गटाला मूळ कारण सापडले : ‘जी ६ पी डी’ नावाच्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, आनुवंशिक उणीव. पुढे १९६६ मध्ये बॉयटलर यांनी एक सुलभ चाचणी प्रसिद्ध केली. तीत थोडे रक्त पुरते. अतिनील प्रकाशाखाली निरोगी रक्ताचा ठिपका चमकतो. उणीव असलेल्या रक्ताचा चमकत नाही.

लोहाविषयीही त्यांनी रूढ समजुती तपासून पाहिल्या. लोह घटले की केवळ हिमोग्लोबिन कमी होते, असे मानले जाई. शरीरातील इतर लोहयुक्त विकरेही घटतात, हे त्यांनी प्रयोगांती दाखविले. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तक्षय नसूनही सतत थकलेल्या स्त्रियांवर लोहोपचाराचा काय परिणाम होतो, हे त्यांनी तपासले. लोहाचे आधिक्यही वाईटच. कारण जादा लोह बाहेर टाकण्याचा मार्ग शरीराजवळ नाही. ते यकृतात व हृदयात साठते. युरोपीय वंशाच्या लोकांत लोह साठविणारा एक जनुकीय दोष बराच आढळतो. बॉयटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील ४१,०३८ व्यक्तींची पाहणी केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, दोन्ही पालकांकडून हा दोष आलेल्यांपैकी एक टक्क्याहून कमी लोकांत उघड आजार दिसला. नंतरच्या पाहण्यांत, विशेषतः उतारवयाच्या पुरुषांत, हे प्रमाण अधिक आढळले. तथापि दोष असणे आणि रोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा बोध कायम राहिला.

हा बोध आपल्याकडे कसा लागू पडतो? महाराष्ट्रात पारशी समाजात व काही आदिवासी समूहांत ‘जी ६ पी डी’ची उणीव आढळते. एरवी अशी व्यक्ती धडधाकट असते. परंतु व्हायवॅक्स हिवताप पुन्हा उलटू नये म्हणून चौदा दिवस प्रिमाक्वीन देतात, तेव्हा तिला धोका संभवतो. गोळ्या चालू असता लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर गोळ्या थांबवून रुग्णाला तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे. मात्र या भीतीपोटी इतरांनी औषध अर्धवट सोडू नये.

रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या अवश्य द्याव्यात; पण नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, तर थॅलॅसेमिया किंवा सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. तपासणीत वाहक ठरलेली व्यक्ती सहसा निरोगी जीवन जगते. दोघेही वाहक असलेल्या दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून विवाहापूर्वी तपासणी व सल्ला हवा. एखाद्या मुलीच्या नावाला डाग लावणे मात्र अज्ञानाचे लक्षण होय.

बॉयटलर २००८ साली निवर्तले. त्यांनी दिलेली शिस्त साधी आहे : आधी कारण शोधावे, मग उपचार करावा, आणि दोषाला रोग समजू नये. शिक्षकांनी ती वर्गात सांगावी, पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत मांडावी आणि तपासणीचा अहवाल कुणाच्या मानहानीचे साधन होणार नाही याची दक्षता घ्यावी.