डायनासोरच्या घरट्यातला साप



सकाळी खुराड्यातली अंडी कमी निघाली की आपण आधी टरफलं शोधतो. फोडलेली टरफलं पडलेली असली तर मुंगसाचं काम, काहीच मागे नसलं तर सापाचं, कारण साप अंडं अख्खं गिळतो. चोर दिसत नाही, पण त्याची रीत कळते. आज आम्ही अशाच एका तपासाची गोष्ट सांगणार आहोत. फक्त ही चोरी सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीची आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांना १९८४ साली गुजरातेत ढोली डुंगरी गावाजवळ डायनासोरचं घरटं दगड झालेलं सापडलं. त्यात अंडी होती आणि बारीक हाडं होती. ती हाडं पिलाची, असंच आधी धरलं गेलं. २००१ साली अमेरिकेतले जेफ्री विल्सन ती बघायला आले, तेव्हा ओळख पटली, की त्यातले काही मणके सापाचे आहेत!

साडेतीन मीटर लांबीचा साप. पण घरट्यात साप सापडला म्हणून तो चोरच, असं कसं म्हणायचं? मेलेला साप पुरात वाहून तिथे अडकला असेल. आम्हालाही हीच शंका आली होती.

उत्तर त्याच्या बसण्यात आहे. फुटलेल्या अंड्याभोवती त्याने वेटोळं घातलेलं होतं आणि मणके एकापुढे एक जागच्या जागी होते. वाहून आलेल्या मढ्याची हाडं अशी राहत नाहीत. म्हणजे जिवंत साप तिथे होता आणि वरून एकदम आलेल्या वाळू-मातीच्या लोंढ्याने सगळ्यांना गाडलं. साच्यात शाडू दाबावी, तसं ते रूप तिथे टिकलं. शिवाय त्याच जागी दुसऱ्या अंड्यांजवळही तसल्याच सापाची हाडं मिळाली. एकदा योगायोग म्हणू, पुन्हापुन्हा कसा म्हणणार?

मग तो खात काय होता? अंडं नव्हे. अंडं १६ सेंटीमीटरचं, आणि या सापाचा जबडा आजच्या अजगरासारखा फाकत नव्हता, हे कवटीवरून कळलं. नुकतं बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिलू मात्र त्याला गिळता आलं असतं. पोटात पिलू सापडलेलं नाही, तरी खुणा तिकडेच बोट दाखवतात. २०१० साली हे छापून आलं आणि सापाचं नाव ठेवलं सनाजेह इंडिकस.

आपल्याकडे खुराड्याशेजारी धामण दिसली की काठी उचलतात. ती बहुतेक वेळा दाण्यावरच्या उंदरांमागे आलेली असते, आणि तेच उंदीर आपलं भात खातात. तेव्हा आधी टरफलं बघा. आणि अंधारात खुराड्यात हात घालू नका, पहिल्यांदा बॅटरी मारा. अंड्यांवर नागही येतो.