मोटारीचा विमा आणि आपला घरखर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



विषय जाहीर झाला तेव्हा पुष्कळजणींनी नाक मुरडले. मोटारीचा विमा हा पुरुषांचा विषय, त्यात आपण काय बोलायचे, असे म्हणणे पडले. पण दरवर्षी तो हप्ता ज्या डब्यातून जातो, तो डबा कोणाच्या ताब्यात असतो? आपल्याच ना? मग पैसे कशासाठी गेले, हे विचारण्याचा हक्कही आपलाच.

मी काही विमा कंपनीतली नाही. ठेच लागली म्हणून शिकले, एवढेच. पाच वर्षांपूर्वी आमच्या घरी कल्याणहून एक जुनी गाडी आली. विकणाऱ्याने विम्याचा कागद हातात दिला आणि म्हणाला, "अजून सात महिने आहेत, निर्धास्त राहा." गाडी आमच्या ह्यांच्या नावावर झाली; विम्याचा कागद मात्र जुन्याच नावाने कपाटात पडून राहिला. पुढच्या श्रावणात कसारा घाटात गाडी कठड्यावर आदळली. देवाच्या कृपेने माणसांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण दुरुस्तीला ७२ हजार रुपये लागले आणि विम्यातून एक पैसाही मिळाला नाही. गाडी विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा नव्या मालकाच्या नावे करून घ्यावा लागतो. तसे केले नाही, तर दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी विमा उचलतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची नाही. त्या दिवाळीत माझ्या बांगड्या मोडल्या. तेव्हापासून विम्याचा कागद मी स्वतः वाचते.

या कागदाचे दोन भाग असतात. एक तिऱ्हाइताचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली तर त्याची भरपाई. ही सक्ती आपल्याकडे १ जुलै १९४६ पासून आहे आणि आज ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. विमा नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या खेपेस २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकते. या भागाचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दराप्रमाणे १००० सी.सी.पर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये आणि १५०० सी.सी.पर्यंत ३,४१६ रुपये, वर कर. तेव्हा इथे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

पण याच भागात आपल्या जातीच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट आहे. अपघातात गृहिणी दगावली तर तिची भरपाई कशी मोजायची? १९९४ च्या कोष्टकात न कमावणाऱ्या पत्नीचे उत्पन्न नवऱ्याच्या मिळकतीच्या एक तृतीयांश धरले होते. पहाटे उठून पाणी भरणारी, डबे करणारी, सासूचे औषधपाणी पाहणारी बाई म्हणजे नवऱ्याचा तिसरा हिस्सा! सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली या मोजमापावर टीका केली आणि ५ जानेवारी २०२१ च्या निकालात गृहिणीच्या श्रमाला किंमत आहे, ती धरलीच पाहिजे, असे स्पष्ट सांगितले. ते पैसे देणारा असतो तो हा तिऱ्हाइताचा विमा. म्हणून तो चुकवू नका, आणि दारातल्या दुसऱ्यांनाही चुकवू देऊ नका.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. याचे दर २००७ सालापासून कंपन्या आपापले ठरवतात. म्हणजे भाजीसारखे चार ठिकाणी विचारायचे. पहिल्याच वर्षीच्या कंपनीला चिकटून राहण्यात कसली निष्ठा? आपला दावा-नसल्याचा बोनस दुसऱ्या कंपनीतही बरोबर नेता येतो. एक वर्ष दावा केला नाही तर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली तर तो मागून घ्यायचा. मात्र मुदत संपून ९० दिवस उलटले, की सारा बुडतो.

आता एक हिशेब सांगते. गाडीचा बंपर फुटला, ४,००० रुपयांचा. प्लास्टिकच्या भागाला विमा निम्मेच देतो, म्हणजे २,०००. त्यातून लहान गाडीला सक्तीचे १,००० वजा. हाती आले हजार. आणि आपली तीन वर्षे दाव्याविना गेली असतील, स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० असेल, तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट मिळून ४,४०० भरायचे होते, ते आता पुरते ८,०००. हजारासाठी ३,६०० गेले, आणि बोनसची शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून! लहानसहान ठोका घरच्या पैशांनी नीट करावा. किरकोळ नुकसान तुम्ही तसेही सोसणार असाल, तर "पहिले अडीच हजार आमचे" असे आधीच लिहून देऊन हप्ता आणखी उतरवता येतो.

हप्ता कमी करण्याचा एक खोटा मार्गही असतो. एजंट गाडीची किंमतच कमी लिहितो. आपण खूश. पण गाडी चोरीला गेली तर मिळते ती त्या लिहिलेल्या किंमतीइतकीच.

आपल्या वाशिंदला दोन गोष्टी विशेष लागू पडतात. भातसेला पूर आला, रस्त्यावर पाणी चढले आणि गाडी त्यात बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नका. पुराचे नुकसान पूर्ण विम्यात येते, पण पाण्यात इंजिन चालू करण्याच्या खटपटीत ते बिघडले, तर वेगळी जोडणी घेतल्याशिवाय कंपनी सहसा हात वर करते. दुसरे असे, की आपली माणसे सकाळच्या लोकलने कल्याण-ठाण्याला जातात आणि गाडी आठवडाभर अंगणात झाकून असते. रविवारी टिटवाळ्याचा गणपती, नाहीतर शहापूरचा बाजार, एवढेच तिचे चालणे. २०२२ पासून चाललेल्या किलोमीटरप्रमाणे हप्ता घेणाऱ्या जोडण्यांना परवानगी आहे. त्या मागून पाहा. मात्र खासगी गाडीत माणशी भाडे घेऊन कोणाला शहापूरपर्यंत सोडू नका. अपघात झाला तर याच कारणाने दावा अडतो.

कागद आणायला सांगितले होते, सातआठजणींनी आणलेले दिसतात. चहा झाला की मी त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते. आधी नाव आणि मुदत संपण्याची तारीख पाहू.