मालवणच्या किनाऱ्यावर चार दिवस



वऱ्हाडच्या माणसास समुद्र म्हणजे भूगोलाच्या नकाशांतील निळा रंग. तीस वर्षें मीं तो रंग पोरांना काठीनें दाखविला. परंतु साठी उलटेपर्यंत त्या पाण्यांत स्वतः पाय घातला नव्हता. मुंबईस एकदोन वेळां जाणें झालें, तेव्हां दुरून पाहिला होता, इतकेंच. गेल्या माघांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आग्रहाचें बोलावणें धाडलें. तो कुडाळकडे शिक्षक आहे. मी सहकुटुंब निघालों, व मालवण आणि देवबाग येथें चार दिवस राहिलों. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

अमरावतीहून रात्रीच्या गाडीनें मुंबई, एक दिवस तेथें काढून मध्यरात्रीं दादरहून तुतारी एक्सप्रेस. केशवसुतांच्या कवितेचें नांव आगगाडीस दिलेलें ऐकून माझ्यांतला मास्तर सुखावला! उजाडलें तेव्हां खिडकीबाहेर काळी जमीन कोठेंच दिसेना. सगळी तांबडी माती आणि जांभ्या दगडाचे गडगे. आमच्याकडे दोन शेतांमध्यें धुरा असतो, तेथें गडगा असतो. आमची पऱ्हाटी कमरेपर्यंत येते, तेथील पीक मान वर करून पाहावें लागतें. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारींत पुरी सुरू झाली. त्यापूर्वीं येथें येणें म्हणजे रात्रभर एस. टी.चे हेलकावे खाणें, असें तेथील वृद्ध सांगतात. आतां जवळच चिपीस विमानतळहि झाला आहे. तो २०२१ सालचा.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीनें जावें लागतें. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनीं १६६४ च्या नोव्हेंबरांत या किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ मध्यें काम पुरें झालें, हें मीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल, कोण जाणे. पण तट पाहून मी थक्क झालों नाहीं. थक्क झालों तों विहिरी पाहून. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आंत आहेत, व त्यांचें पाणी गोडें आहे. अकोला-अमरावतीच्या श्रोत्यांस याचें मोल निराळें सांगावयास नको. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत, समुद्रापासून शेंकडों मैलांवर, आपल्या विहिरींस खारें पाणी लागतें. आणि येथें चारी बाजूंनीं समुद्र असतां गोडें! आमच्या कुटुंबाचें माहेर त्याच पट्ट्यांतलें. तिनें विहिरीशीं बराच वेळ उभें राहून एवढेंच म्हटलें, "आमच्या आईनें हें पाहावयास हवें होतें."

मालवण वाढतें आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं वेगळा झाला व १९९७ मध्यें त्यास पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलें. पूर्वीं परगांवचा माणूस किल्ला पाहून संध्याकाळीं परतत असे. आतां तो पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्याखालचें प्रवाळ पाहावयास उतरतो आणि दोन रात्री राहतो. १९८७ पासून येथील समुद्राचा कांहीं भाग अभयारण्य आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजीं राजकोटास शिवरायांचा पुतळा उभारला. तो २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला, आणि २०२५ मध्यें तेथें नवा उभा राहिला. आम्हीं तो नवा पाहिला. तारकर्लीच्या वाटेवर तर घर सोडून घरास 'न्याहारी व निवास' अशी पाटी आहे.

अशाच एका घरीं, देवबागेस, आम्ही उतरलों होतों. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी; एका अंगास कर्ली नदी, दुसऱ्या अंगास समुद्र. धूप थांबविण्यासाठीं दगडांचा बंधारा घातला आहे, तरी पावसाळ्यांत झोंप लागत नाहीं, असें घरची बाई म्हणाली. यजमान पन्नाशीचे, रापणीचे मासेमार. दोन खोल्या पाहुण्यांस देतात. तिसऱ्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. नारळाच्या वाडीस बाहेरगांवचें गिऱ्हाईक आलें होतें. मुलगा म्हणे, विकूं. तो पाहुण्यांस होडींतून फिरवितो व रापणीवर येत नाहीं. "गुरुजी, तुमी शिकलेले. वाडी विकूची काय ठेवची?"

मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसास हा प्रश्न झेपणारा नव्हता. मीं सल्ला दिला नाहीं; माझी गोष्ट सांगितली. अमरावतीबाहेर रस्त्याला लागून वडिलांचें चार एकर होतें. गांव वाढत वाढत तेथवर आलें, भाऊ म्हणाले विकूं, आणि मीं सही केली. तेथें लेआउट पडलें. परवां त्या बाजूस फिरावयास गेलों, तर आमची विहीर कोणाच्या तरी ओसरीखालीं गेलेली. धुरा कोठें होता तेंहि ओळखूं येईना. तासभर हिंडून परत आलों व घरीं कोणास बोललों नाहीं.

त्यांनीं सगळें ऐकून घेतलें. मग विचारलें, "त्या पैशांचां काय झालां?"

म्हटलें, "मुलगी शिकली. ती आज डॉक्टर आहे."

"मग?" एवढेंच ते म्हणाले, आणि त्यावर मला बोलतां येईना. आपल्या दुःखाची एकच बाजू मी सांगत होतों, हें त्या माणसानें एका शब्दानें दाखवून दिलें. बराच वेळ आम्ही दोघे लाटांचा आवाज ऐकत बसलों. नंतर ते म्हणाले कीं, मुलगी नसून मुलगा आहे, आणि त्याला शिकावयाचें नाहीं, होडी घ्यावयाची आहे. म्हणून तर घोडें अडलें आहे.

चौथ्या दिवशीं पहांटे रापण ओढावयाची होती. अर्धवर्तुळांत जाळें टाकून तीसचाळीस माणसें दोन्ही टोंकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. पाण्यांत पाऊल घसरूं नये म्हणून टांचा वाळूंत रोवाव्या लागतात. मीहि दोरास हात लावला. तळहात सोलले, लोक हंसले, आणि जाळें वर आलें तेव्हां त्यांत तारली आणि बांगडे तडफडत होते. दोर ओढणाऱ्यांच्या रांगेंत मला मुलगाहि दिसला. बापाच्या मागें दोन माणसें सोडून तो उभा होता. तो कां आला, हें मीं विचारलें नाहीं. ओढणाऱ्या प्रत्येकास वांटा मिळतो. माझ्या वांट्यास चार बांगडे आले. ते मीं घरच्या बाईंना दिले आणि अकराच्या एस. टी.नें आम्ही कुडाळास निघालों.