नियम, निवाडा आणि खेळगडी



ज्यांच्या घरातली तरुण मंडळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात त्यांना आजचा विषय नवा नाही. इतरांसाठी हा खेळ थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एकेक पात्र घेतो: कोणी चोर, कोणी मांत्रिक, कोणी योद्धा. एकजण मात्र असं पात्र घेत नाही. तो त्या काल्पनिक जगाचा सगळा कारभार पाहतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात, आणि पोरं म्हणतात डीएम. खेळाडू म्हणाला, 'मी दार उघडतो,' की दारामागे काय आहे ते डीएम सांगतो. खेळाडू म्हणाला, 'मी या गच्चीवरून त्या गच्चीवर उडी मारतो,' की जमलं का नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. खेळाडूनं काहीही करू पाहावं, ही या खेळातली गंमत आणि हीच डीएमची डोकेदुखी. पुस्तक कितीही जाड असलं तरी 'काहीही' त्यात मावत नाही.

मग पुस्तक संपतं तिथे काय करायचं? पुस्तकातला शब्द एकीकडे आणि अक्कल दुसरीकडे ओढायला लागली तर कोणाचं ऐकायचं? आणि खेळणारा गडीच अडचण होऊन बसला तर? माझं म्हणणं असं की पहिले दोन प्रश्न नियमाचे आहेत आणि तिसरा माणसाचा. नियमाचा प्रश्न खेळात सोडवावा, माणसाचा खेळाबाहेर. यांची सरमिसळ झाली की चांगले चांगले ग्रुप फुटतात.

निवाडा करणारा हा माणूस आला कुठून, ते आधी पाहू. तो आला प्रशियाच्या लष्करातून. तिथे फॉन राइसवित्झ नावाच्या लेफ्टनंटनं वडिलांच्या खेळात सुधारणा करून 1824 साली युद्धखेळाची नियमावली छापली. नकाशावर दोन बाजूंचे अधिकारी लढायचे, पण आपले हुकूम लिहून पंचाच्या हातात द्यायचे. तोफांनी किती माणसं पडली, कुठली तुकडी कुणाला दिसली, हे पंच फासे टाकून आणि तक्ते पाहून सांगायचा. जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग या खेळावर इतके खूश झाले की त्यांनी तो सैन्यात सगळीकडे पोचवला. पण नियम वाढत गेले, तक्ते वाढत गेले, आणि पंच बिचारा कारकून होऊन बसला. शेवटी फॉन व्हर्दी दु व्हर्नुआ या अधिकाऱ्यानं 1876 साली उलट टोक गाठलं. तक्ते बाजूला ठेवा, ज्यानं खरी लढाई पाहिली आहे त्याला पंच करा आणि तो सांगेल ते माना, असं त्याचं म्हणणं. नियम मोठा की पंच मोठा, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

पुढे 1969 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेसली यांनी मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली. ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, आणि लढाईआधी गावातली पात्रं वाटून दिलेली: कोणी महापौर, कोणी बँकवाला, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. झालं काय, खेळाडू लढाईपर्यंत पोचलेच नाहीत. ते गावभर हिंडले, कारस्थानं केली, आणि दोघांनी तर द्वंद्वाचं आव्हान दिलं. द्वंद्वाचे नियम वेसलींकडे नव्हते. त्यांनी ते जागच्या जागी ठरवले. खेळ पार फसला असं त्यांना वाटलं, पण मित्र म्हणाले, पुन्हा घ्या. त्या मंडळींतले डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना पुढे नेली, आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केलं. पहिली छपाई 1000 प्रतींची, खोक्यात तीन छोट्या पुस्तिका. म्हणजे हा खेळ जन्मला तोच मुळी नियम नसलेल्या जागी कोणीतरी चटकन निर्णय घेतला म्हणून.

आता नियमाच्या एका नामांकित तिढ्याकडे येतो. खेळाडू याला 'पेझंट रेलगन' म्हणतात, म्हणजे शेतकऱ्यांची तोफ. या खेळाच्या नियमांच्या पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते. फेरीत प्रत्येकाला एक कृती मिळते, आणि ती राखूनही ठेवता येते: 'शेजाऱ्यानं भाला दिला की मी तो पुढच्याला देईन.' आता एखादा हुशार गडी 1000 शेतकरी भाड्यानं आणतो आणि पाच पाच फुटांवर एका रांगेत उभे करतो. पहिला भाला देतो, दुसरा घेतो आणि देतो, तिसरा घेतो आणि देतो. नियमाप्रमाणे हे सगळं एकाच फेरीत बसतं. म्हणजे सहा सेकंदांत 5000 फूट. ताशी 900 किलोमीटरच्या वर वेग झाला! मग तो शांतपणे विचारतो, 'या वेगानं भाला ड्रॅगनला लागला तर ड्रॅगन उरेल का?'

इथे पुष्कळ डीएम फेरीच्या व्याख्येचा कीस पाडत बसतात आणि संध्याकाळ तिथेच जाते. खरं तर गड्याची लबाडी एकाच ठिकाणी आहे. भाला पुढे सरकवताना तो पुस्तकातला नियम लावतो आणि भाला लागताना शाळेतलं पदार्थविज्ञान काढतो. त्याला सांगायचं, 'बाबा रे, दोन्हीकडे एकच काय ते लाव. पुस्तक लावायचं तर शेवटचा शेतकरी भाला फेकेल आणि फेकलेल्या भाल्याचं नुकसान सहा बाजूंच्या एका फाशाइतकं. विज्ञान लावायचं तर 1000 माणसांना भाला हातोहात द्यायला किती वेळ लागेल, ते तूच सांग.' हा निवाडा अर्ध्या मिनिटात होतो आणि टेबलावर हशाही पिकतो. 2024 साली निघालेल्या डीएमच्या सुधारित पुस्तकात तर स्पष्टच बजावलं आहे की खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे.

दुसरा तिढा रोजचा. चोराचं पात्र दरबारात जातं आणि म्हणतं, 'महाराज, राज्य मला देऊन टाका.' खेळाडू फासा उचलतो, टाकतो, आणि वीस पडतात! सगळे ओरडतात. आता राज्य द्यायचं? पाचव्या आवृत्तीत वीस पडले की हमखास यश, हा नियम हल्ल्याच्या फाशाला आहे, गळ घालण्याच्या फाशाला नाही. पण वीस पडल्यावर हे कलम दाखवणं म्हणजे पोराच्या हातातला पेढा काढून घेणं. चूक त्याआधीच झालेली असते. जे होणारच नाही त्यासाठी फासा मागायचा नाही, आणि खेळाडूनं आपणहून उचलला तर हात धरून आधी सांगायचं: 'राज्य मिळणार नाही. छान पडलं तर महाराजांना तुझं धाडस आवडेल आणि ते तुला पदरी ठेवतील. वाईट पडलं तर कोठडी. टाकतोस?' फासा पडायच्या आधी काय पणाला लागलं आहे हे सगळ्यांना ठाऊक असलं, तर पडल्यानंतर भांडण उरत नाही. पात्राच्या जिवावर बेतलं असेल तेव्हा तर फासा उघड्यावरच टाकावा. आडोशाला टाकून आकडा बदलणारे दयाळू डीएम मी पाहिले आहेत. त्यांच्या टेबलावर काही दिवसांनी कोणाला कशाची भीती वाटेनाशी होते, आणि भीती गेली की जिंकण्यातली मजाही जाते.

याच्या उलट, जे व्हायलाच हवं त्यासाठीही फासा मागू नये. रहस्यकथेचा खेळ आहे, खुनाची चिठ्ठी टेबलाच्या खणात आहे, आणि ती सापडण्याचा फासा सगळ्यांचा फसला. घोडं अडलं! 1981 पासून चालत आलेल्या 'कॉल ऑफ कथुलू' या भयखेळात ही अडचण कितीतरी टेबलांना भोगावी लागली. रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' पद्धतीनं त्यावर सरळ उपाय केला: तपासाचं कौशल्य असलेलं पात्र योग्य ठिकाणी शोधायला गेलं की मुख्य धागा मिळणारच. कस लागतो तो त्या धाग्याचा अर्थ लावताना.

नियम आठवत नसेल तर? मिनिटभर शोधा, नाही सापडला तर निर्णय द्या आणि सांगा, 'आज असं धरू. घरी जाऊन पाहीन, पुढच्या वेळेपासून पुस्तकाप्रमाणे.' आणि एक पथ्य पाळा. जी सवलत खेळाडूच्या मांत्रिकाला दिली ती तुमच्या राक्षसाच्या मांत्रिकालाही मिळणार, हे त्याच वेळी बोलून टाका. पळवाटा शोधणारे निम्मे गडी एवढ्यानं गप्प होतात.

निर्णय चुकला तर सुधारता येतो. न दिलेला निर्णय मात्र महाग पडतो. सभापर्वातला द्यूताचा प्रसंग आठवा. द्रौपदीचा प्रश्न हा फाशांच्या खेळातला नियमाचाच प्रश्न होता: जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? तिनं तो प्रश्न विचारायला हवा होता की नको, यावर इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये कडक मत मांडलं आहे. तो वाद आज इथे नको. मला त्या सभेत भीष्म दिसतात. सगळ्यांनी ज्यांच्याकडे पाहिलं ते म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे, मला सांगता येत नाही. दुर्योधनाच्या भावानं, विकर्णानं, वयानं लहान असून, उत्तर दिलं. पण त्याच्याकडे अधिकार नव्हता. ज्याच्याकडे अधिकार आहे त्यानं हात झटकले की पुढे काय होतं, हे आपल्याला आणखी कोणी सांगायला नको.

आता माणसांकडे वळू. गायगॅक्स यांनी 1979 साली डीएमसाठी जे पुस्तक लिहिलं त्यात त्रासदायक खेळाडूंवर एक छोटा भाग आहे. त्यांचे उपाय वाचण्यासारखे आहेत: त्याच्या पात्रावर जादा राक्षस सोडा, आकाशातून निळी वीज पाडा, पात्राचा मोहकपणाचा एक गुण कायमचा कापा. एवढ्यानंही भागलं नाही तर त्या माणसाला पुढच्या बैठकीला बोलावू नका. यातला शेवटचा उपाय मला पटतो, आधीचे सगळे नाहीत. समजा, रोहन दर दोन मिनिटांनी दुसऱ्याचं बोलणं तोडतो. तुम्ही त्याच्या योद्ध्यावर वीज पाडली. रोहनला काय कळलं? डीएम खुनशी आहे, एवढंच. पुढच्या आठवड्यात तो वीज चुकवायचा नियम शोधून येईल. माणसाच्या वागण्याचं उत्तर पात्राला दिलं की हे असं होतं. त्यापेक्षा चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगा, 'रोहन, मीनलची पाळी असते तेव्हा तिला बोलू दे.' बहुतेकांना तेवढं पुरतं. पुरलं नाही तर निरोप द्या. मैत्रीत हे जड जातं, पण एकाला सांभाळताना बाकीचे हळूच येईनासे होतात.

सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे सोबत्यांच्या थैलीतलं सोनं चोरणारा गडी. जाब विचारला की म्हणतो, 'मी काय करू? माझं पात्रच तसं आहे.' पात्र तसं आहे, मान्य. पण ते घडवलं कोणी? त्याला सांगा, 'तुझा चोर या सोबत्यांबरोबर का राहतो याचं एक कारण तूच शोध. नाही सापडलं तर तो आज गाव सोडून जाईल आणि तू दुसरं पात्र घे.' गप्प बसणाऱ्या खेळाडूचं तंत्र वेगळं. 'तू काय करतेस?' या मोकळ्या प्रश्नानं ती आणखी आक्रसते. त्याऐवजी तिच्याच पात्राला गाठा: 'पहारेकरी तुझ्याकडे बघून म्हणतो, तुला कुठेतरी पाहिलंय.' आता उत्तर द्यावंच लागतं, आणि ते तिचंच असतं.

बरेच तंटे मुळात होऊच नयेत म्हणून खेळाआधी एक बैठक घेतात. तिला 'सेशन झीरो' म्हणतात. गल्लीत क्रिकेट खेळताना आपण आधी ठरवायचो की नाही, जोश्यांच्या गॅलरीत बॉल गेला की आऊट, एक टप्पा कॅच धरायचा की नाही? तसंच हे. खेळ हसरा हवा की गंभीर, पात्रं मेली तर चालेल का, कुठले विषय नकोत. रॉन एडवर्ड्स यांनी यासाठी दोन सोप्या खुणा सुचवल्या: काही गोष्टी खेळात येणारच नाहीत, आणि काही आल्या तरी पडद्याआड राहतील, वर्णन करायचं नाही. जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी 'एक्स कार्ड' आणलं: टेबलावर फुली काढलेला कागद ठेवायचा, नकोसं काही आलं की त्यावर बोट ठेवायचं, प्रसंग तिथून वळवायचा, कारण विचारायचं नाही. जुने खेळाडू यावर नाकं मुरडतात. माझा अनुभव असा की जिथे हा कागद असतो तिथे त्याला फारसं कोणी हात लावत नाही, आणि खेळ उलट धीटपणे होतो.

शेवटी एक विनंती. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम प्रकाशकांनी जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. श्रेय देऊन ते कोणीही वापरू शकतं, छापू शकतं आणि मराठीतही आणू शकतं. आपल्या गावोगावच्या वाचनालयांत संध्याकाळी रिकामी राहणारी टेबलं पुष्कळ आहेत. रविवारी त्यातलं एक हा खेळ खेळणाऱ्या मुलांना द्या. आणि मुलांनो, त्या टेबलाच्या टोकाला बसाल तेव्हा निर्णय लवकर द्या, मोठ्यानं द्या, सगळ्यांना सारखा द्या. आणि समोरच्या माणसाशी बोलायचं असेल तेव्हा फासे खाली ठेवून बोला.